दोघांची एकच फाइल

आई गेल्यानंतर बाबा यवतमाळहून आमच्याकडे, शिकागोच्या एका उपनगरात, कायमचे राहायला आले. त्यांच्या औषधांची पिशवी अगदी लहान होती. बीपीची गोळी, पित्ताची गोळी आणि पाठीला चोळायचं एक मलम. यापलीकडे आपल्याला काही नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तर म्हणून ते निवृत्त झाले होते. दुखण्याखुपण्यावर बोलणं हा त्यांना वेळेचा अपव्यय वाटायचा.

मी त्यांचं नाव जवळच्या क्लिनिकमध्ये घातलं. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी काही मोठं आजारपण? बाबा म्हणाले, "नाही." ऑपरेशन? "नाही." फक्त एक गोष्ट त्यांनी स्वतःहून सांगितली. सल्फाची गोळी त्यांना चालत नाही. तरुणपणी ती घेतल्यावर अंगभर पुरळ उठलं होतं आणि ओठ सुजले होते. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. बाबा रोज सकाळी तळ्याभोवती चक्कर मारत, हिवाळ्यात मॉलमध्ये चालत, आणि दर सहा महिन्यांनी बीपी दाखवून येत.

मग त्यांना हर्निया झाला. फार मोठा नव्हता, पण खोकला आला की ते पोटाच्या कडेला हात धरून बसत. सर्जनने ऑपरेशनची तारीख दिली. त्याच्या आधीच्या आठवड्यात सर्जनच्या ऑफिसातून नर्सचा फोन आला. मी कामावर होते. तिने विचारलं, तुमच्या वडिलांनी रक्त पातळ करायची गोळी बंद केली का?

मी म्हटलं, "ते अशी कुठली गोळी घेत नाहीत."

"चार्टवर आहे," ती म्हणाली. "हृदयाचे ठोके अनियमित पडतात, म्हणून."

मी पुन्हा सांगितलं की घेत नाहीत, कधीच घेतलेली नाही. तिने बरं म्हटलं. "मग मी यादीत 'घेत नाही, बंद' असं करते," ती म्हणाली, आणि मला कीबोर्डचा आवाज ऐकू आला. पण ठोक्यांचं निदान तिला चार्टवरून काढून टाकता येणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सर्जनकडून निरोप आला की कार्डिओलॉजिस्टने हिरवा कंदील दाखवल्याशिवाय ऑपरेशन होणार नाही. तारीख रद्द झाली.

संध्याकाळी मी बाबांना विचारलं, "बाबा, तुम्हाला कधी कोणी सांगितलं होतं का, की ठोके नीट पडत नाहीत?"

ते टीव्हीसमोर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी विचार केला. "नाही वाटते."

"आणि रक्त पातळ करायची गोळी?"

"काय माहीत बेटा. तुझी आई द्यायची गोळ्या, मी घ्यायचो. एकदा नागपूरला चक्कर आली होती, तेव्हा भरती केलं होतं. तिथं काही दिलं असेल तर मला माहीत नाही."

नागपूरला भरती केलं होतं, हे मला नवीनच होतं. मी तेव्हा इथे पहिल्या नोकरीत होते. कळवलं तर मी काळजी करेन म्हणून कळवलं नव्हतं. आता आई नव्हती, आणि तिच्याशिवाय ते कोणालाच माहीत नव्हतं. मी यवतमाळच्या आमच्या जुन्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मी फक्त बीपीचं बघायचो, नागपूरचे कागद माझ्याकडे कधी आले नाहीत. तुमच्या आई सगळे कागद एका पिशवीत ठेवायच्या. ती पिशवी घर आवरताना कुठे गेली, ते बाबांनाही सांगता येईना.

तेव्हापासून मी चार्टवर विश्वास ठेवायला लागले. छापील मजकुरात एक ठामपणा असतो, आणि बाबांच्या "नाही वाटते" मध्ये तो नव्हता. कार्डिओलॉजिस्टने ईसीजी काढला. तो व्यवस्थित होता. "हे असंच असतं, कधी येतं, कधी जातं," असं म्हणून त्याने छातीवर चिकटवायचं एक यंत्र दिलं. ते लावून बाबा दोन आठवडे वावरले. त्यातही काही सापडलं नाही. ती आनंदाची बातमी आहे असं मला वाटलं होतं. पण डॉक्टरच्या मते तेवढ्यावरून जुनं निदान चुकीचं ठरत नव्हतं. पुढच्या महिन्यात क्लिनिकच्या दुसऱ्या शाखेत येऊन भेटायला त्याने सांगितलं.

या काळात बाबा बदलले. त्यांनी तळ्यावर जाणं सोडलं. जिना चढताना मधे थांबून मनगटावर दोन बोटं ठेवायचे. जेवताना मधेच म्हणायचे, "आता बघ, आता एक ठोका हुकला." माझ्या नवऱ्याने त्यांच्यासाठी नाडी मोजणारं घड्याळ आणलं. त्याने भलतंच झालं. ते दिवसभर त्या घड्याळाकडेच बघत बसू लागले. आईचा फोटो त्यांच्या खोलीत होता. एकदा मी चहा घेऊन गेले तेव्हा ते त्या फोटोकडे बघून म्हणाले, "हिनं सांगितलं नाही मला. घाबरीन म्हणून नसेल सांगितलं." आई त्यांच्यापासून त्यांचाच आजार लपवत होती, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मलाही ते शक्य वाटत होतं. आई तशीच होती.

दुसऱ्या शाखेत जायच्या आधी मी क्लिनिकच्या साइटवर लॉगिन करून बाबांचे सगळे जुने रिपोर्ट वाचायला घेतले. तोपर्यंत मी फक्त तपासण्यांचे आकडे बघायची. भेटीच्या नोंदी कोण वाचतं? त्या शनिवारी दुपारी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून वाचल्या. बीपी, वजन, हर्निया. मग एक नोंद आली, ती मी दोनदा वाचली. पेशंट मुलाकडे राहतो. तंबाखू सोडून बरीच वर्षं झाली. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन भारतात झालेलं आहे, गुडघा बदललेला आहे. चालणं चांगलं.

मी हाक मारली. बाबा आले. मी त्यांना नोंद मराठीत सांगितली.

त्यांनी खुर्चीत बसून आधी डावा पाय लांब केला, मग उजवा. पायजम्यावरूनच दोन्ही गुडघे चाचपले. "माझे गुडघे तर माझेच आहेत," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आणि मला मुलगा नाही. तंबाखू तर मी पोरांना खाऊ देत नव्हतो शाळेत."

त्या पानांमध्ये दुसरा माणूस होता. एकदा ते कळल्यावर त्याला ओळखणं सोपं होतं. तो आमच्या क्लिनिकच्या दुसऱ्या शाखेत जात होता. त्याला ठोक्यांचा विकार होता, त्यावर गोळी चालू होती. बाबांच्या भेटी आणि त्याच्या भेटी तारखेवारीने एकमेकांत बसल्या होत्या, एकाच माणसाच्या असाव्यात तशा. बाबांचं नाव-आडनाव असं आहे की आमच्या तालुक्याच्या बाजारात हाक मारली तर चार जण वळून बघतील. जन्मतारीख एक जून. मराठी वाचणाऱ्याला यापुढे सांगायला नको. इथल्या लोकांना मात्र सांगावं लागलं.

सोमवारी मी क्लिनिकच्या रेकॉर्ड विभागात फोन केला. फोनवरची बाई शांत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पण नाव तेच आहे, जन्मतारीख तीच आहे, मधल्या नावाचं अक्षरही तेच," ती म्हणाली. "पत्ते दोन आहेत. पेशंट मुलाकडून मुलीकडे राहायला गेला असं दिसतंय."

कोणीतरी दोन फाइली बघून असाच विचार केला असणार आणि त्या एक केल्या असणार. त्यात त्याचं फार चुकलं असं म्हणता येत नाही. आमच्यातले कितीतरी आईवडील सहा महिने मुलाकडे आणि सहा महिने मुलीकडे असतात. मी तिला समजावलं की आमच्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, पूर्ण लिहिलं तर दोघं वेगळे ठरतील. एक जून ही शाळेत घातलेली तारीख असते, हेही सांगितलं. घरी जन्मलेल्या मुलांची तारीख कोणाला माहीत नसायची, म्हणून नाव घालताना शाळाच ती द्यायची. त्या पिढीतले असंख्य लोक कागदोपत्री एकाच दिवशी जन्मलेले आहेत. ती म्हणाली, "असंख्य?" मी म्हटलं, "हो."

तिने दुरुस्तीचा अर्ज पाठवला. तो भरून दिल्यावर चौकशीला काही आठवडे लागतील, असं सांगितलं.

"आणि तो दुसरा माणूस?" मी विचारलं. "त्याच्या फाइलमध्ये माझ्या वडिलांची माहिती गेली असेल. त्याला कोणी कळवणार आहे का?"

"मला दुसऱ्या कुठल्याही पेशंटबद्दल बोलता येणार नाही," ती म्हणाली. ते तिला लागू असलेल्या कायद्याप्रमाणे बरोबर होतं. तो माणूस कुठेतरी तासाभराच्या अंतरावर राहत होता, आणि त्याचं रक्त पातळ ठेवणं गरजेचं होतं, एवढं मला माहीत होतं. याहून जास्त मला कोणी सांगू शकत नव्हतं.

ठरल्या दिवशी आम्ही कार्डिओलॉजिस्टला भेटायला दुसऱ्या शाखेत गेलो. वेटिंग रूम मोठी होती. एका भिंतीला माशांची टाकी होती. बाबा टाकीजवळच्या खुर्चीत बसले. समोर एक म्हातारे गृहस्थ बसलेले होते, डोक्याला लोकरी टोपी, अंगात मुलाचं असावं असं मोठं जाकीट. त्यांच्या शेजारी तिशीतली बाई फोनवर काहीतरी बघत होती. आमच्यासारखेच दिसतात, असं मनात आलं, पण इथे तसे खूप असतात.

नर्स दार उघडून बाहेर आली आणि तिने नाव पुकारलं. नावाच्या उच्चाराचं तिने जे केलं ते नेहमीचंच होतं. बाबा उठले. टोपीवाले गृहस्थही उठले, खुर्चीच्या हातावर भार देऊन, उजवा पाय जरा ताठ ठेवून.

दोघं उभे राहून एकमेकांकडे बघत राहिले. नर्सने कागदाकडे पाहिलं आणि पुन्हा नाव घेतलं. दोघांनीही मान हलवली.

"एक जून?" बाबांनी मराठीत विचारलं.

"व्हय," ते म्हणाले. "मास्तरनं लावली. तुमची?"

"माझीही मास्तरांनीच. पुढं मी मास्तर झालो, मग मीही पुष्कळांना लावली."

त्यावर ते गृहस्थ मनापासून हसले. "मग खरी कवाची?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. तुमची?"

"शिमग्याच्या आदल्या दिवशी झालो म्हणं. आई तसंच सांगायची."

नर्सने आम्हाला थांबायला सांगितलं आणि ती कोणाला तरी बोलवायला आत गेली. मी त्या बाईजवळ गेले. ती त्यांची सून होती. मूळचे सातारा भागातले. सासरे साखर कारखान्यात टर्नर होते. मी तिला आमच्या फाइलचं सगळं सांगितलं, अगदी गुडघ्याच्या नोंदीपर्यंत. तिने ऐकता ऐकता फोन पर्समध्ये टाकला.

"ताई, म्हणून का ते!" ती म्हणाली. "मागच्या महिन्यापासून आम्हाला गोळीच देईनात. फार्मसीवाले म्हणतात डॉक्टरनं बंद केली. डॉक्टरच्या ऑफिसला फोन केला तर म्हणतात सिस्टीममध्ये 'घेत नाही' असं आहे. सासऱ्यांनीच कोणाला तरी तसं सांगितलं असेल, म्हणून मी त्यांनाच बोलले. आज त्यासाठीच आलोय."

ती गोळी का बंद झाली, ते मला त्या क्षणी कळलं. कीबोर्डचा तो आवाज मी ऐकला होता. मी तिला सांगितलं. "ती मी बंद करवली. नर्सने विचारलं, मी म्हटलं ते घेत नाहीत."

तिने पर्सची चेन लावली. मग म्हणाली, "तुम्ही तुमच्या बाबांचं खरं तेच सांगितलंत ना."

"मग इतके दिवस त्यांनी काय घेतलं?"

"भारतातून आणलेल्या थोड्या होत्या. पुरवून पुरवून घेत होते. दिवसाआड." तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते बाबांना टाकीतला एक मासा दाखवत होते. "मला नंतर कळलं. मी रोज विचारायची, घेतली का, ते म्हणायचे घेतली."

ती गोळी दिवसाआड घ्यायची नसते, हे मी इतक्या दिवसांच्या वाचनातून शिकले होते. ठोके अनियमित असलेल्या माणसाच्या रक्तात गाठ होऊ शकते आणि ती मेंदूपर्यंत जाऊ शकते. मी ते तिला सांगितलं नाही. तिला माहीत असावं, तिचा चेहरा तसा होता.

आतून क्लिनिकची व्यवस्थापक बाई आली. दोघांची ओळखपत्रं शेजारी शेजारी ठेवून तिने पाहिली. मग आम्हा चौघांना एका खोलीत बसवून तिने एकेकाला विचारलं, दुसऱ्यासमोर बोलायला हरकत नाही ना? बाबा म्हणाले, "यांना माझं सगळं माहीतच आहे. यांच्याच फाइलमध्ये आहे." मी ते इंग्रजीत सांगितलं. ती हसली नाही. झाल्या प्रकाराबद्दल तिने माफी मागितली, साध्या शब्दांत, आणि त्याच दिवशी ते टोपीवाले काका आत जाऊन गोळीची चिठ्ठी घेऊन आले. त्यांना काही झालं नव्हतं. नशीब, याखेरीज त्याला दुसरं कारण नव्हतं.

पूर्ण फाइली वेगळ्या व्हायला दीड महिना लागला. आता दोघांच्या नोंदीत वडिलांचं नाव अख्खं आहे, फोटो आहे, आणि वरती एक सूचना आहे की याच नावाचा आणि जन्मतारखेचा दुसरा पेशंट आहे. फाइल उघडली की पिवळी चौकट येते. बाबांचं ऑपरेशन थंडी सुरू व्हायच्या आधी झालं, काही अडचण आली नाही. ठोके हुकणं मात्र लगेच थांबलं नाही. फाइल दुरुस्त झाल्यावरही ते काही दिवस मनगट धरत होते. मग हळूहळू घड्याळ ड्रॉवरमध्ये गेलं. आईबद्दल ते एवढंच म्हणाले, "उगाच तिच्यावर आळ घेतला."

त्या गृहस्थांशी त्यांचा फोन अजून चालतो. दोघांचं बोलणं पिकाबद्दल, बाजारभावाबद्दल आणि इथे किती बर्फ पडला याबद्दल असतं. एकदा आम्ही डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी बाजारात गेलो तेव्हा ते दोघं मिठाईच्या दुकानात बसून राहिले, आणि आम्ही दोघी, सून आणि मुलगी, पार्किंग शोधत फिरलो. पुढच्या हिवाळ्यात ते गृहस्थ साताऱ्याला परतले. तिथली हवा मानवते म्हणाले. गोळी नेमाने घेतात, असं सून सांगते; आता रोज फोनवर उरलेल्या गोळ्या मोजायला लावते.

ऑपरेशननंतर बाबा घरी पडून असताना मी त्यांच्या आजारपणांची नोंद करायला बसले. क्लिनिकची फाइल दुरुस्त झाली होती, पण त्यात जे होतं ते फारच थोडं होतं. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या पलंगाशी खुर्ची ओढली आणि विचारलं, "लहानपणापासून सांगा."

त्यांना वर्षं आठवत नव्हती. माणसं आठवत होती. टायफॉइड झाला तेव्हा मोठ्या बहिणीने तिचं सासर सोडून येऊन शुश्रूषा केली होती. म्हणजे तिचं लग्न झाल्यानंतर आणि तिला पहिला मुलगा व्हायच्या आधी. डी.एड. करत असताना छातीत दुखून खोकला झाला होता, तेव्हा बरेच महिने इंजेक्शनं घ्यावी लागली. "कसली?" मी विचारलं. "क्षयाची," ते म्हणाले. "लग्नाच्या वेळी सांगितलं नव्हतं. तुझ्या आईला पुढं मी स्वतः सांगितलं. ती म्हणाली, बरं झालात ना, मग झालं." मी ते टाइप केलं. त्यांनी विचारलं, "हे लिहिलंच पाहिजे का?" मी म्हटलं, हो, पुढे कधी फुप्फुसाचा फोटो काढला आणि त्यात जुना डाग दिसला तर डॉक्टर घाबरणार नाही. त्यांना ते पटलं. नागपूरच्या भरतीचं आम्ही तसंच लिहिलं: चक्कर, काही दिवस दाखल, निदान माहीत नाही.

मग मी आईचं विचारलं, कारण ते माझ्या स्वतःच्या फाइलमध्ये लागतं. माझी डॉक्टर दर वर्षी विचारते, आईचा मृत्यू कशाने? आणि मी दर वर्षी 'बीपी' सांगते, कारण घरात तेच बोललं जातं. "सकाळी उठलीच नाही," बाबा म्हणाले. "डॉक्टर आले, त्यांनी हात लावून पाहिलं, आणि सर्टिफिकेटवर काहीतरी लिहिलं. बीपी आम्हीच म्हणायला लागलो. लोक विचारत होते, काहीतरी सांगावं लागत होतं."

"तिला आधी काही होत होतं का? दुखत होतं?"

"ती सांगत नव्हती."

मी त्या रकान्यात 'बीपी' लिहिलं होतं, ते खोडलं. तिथे 'झोपेत, कारण माहीत नाही' असं लिहिलं आणि बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, बरोबर आहे. मग त्यांनी पाणी मागितलं, आणि मी लॅपटॉप मिटून पाणी आणायला उठले.